वाचकांचे प्रश्न : एकमेकींना ओढणाऱ्या दोन सर्पिल दीर्घिका

बृहल्लुब्धक तारकासमूहातील एनजीसी २२०७ आणि आयसी २१६३ या दोन सर्पिल दीर्घिकांचे एक चित्र ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हबल दुर्बिणीने टिपलेला दृश्य व अतिनील प्रकाश आणि जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले अवरक्त प्रारण एकत्र करून ते तयार केलेले आहे. दोन मोठे डोळे आपल्याकडे रोखून पाहत आहेत असा भास त्यात होतो आणि बहुधा त्यामुळेच या चित्राविषयी पुष्कळ पत्रे आली. त्यांतील सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : चित्रात दोन्ही दीर्घिकांच्या कडा एकमेकींवर आलेल्या दिसतात. परंतु आकाशातील सर्वच वस्तू आपल्याला एका पडद्यावर असल्यासारख्या दिसतात. मग यांतील एक जवळ आणि दुसरी तिच्या मागे कितीतरी दूर असेल, ही शक्यता कशी नाकारता येते?

उत्तर : शंका रास्त आहे आणि ती आधी यायलाच हवी. वासुकी तारकासमूहात एनजीसी ३३१४ या क्रमांकाने ओळखली जाणारी अशीच एक जोडी आहे. तिच्यातील दोन सर्पिल दीर्घिका जवळजवळ नेमक्या एकीवर एक दिसतात. मात्र पुढची आपल्यापासून सुमारे ११.७ कोटी प्रकाशवर्षांवर आणि मागची सुमारे १४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तेव्हा कडा एकमेकींवर दिसणे हा शेजाराचा पुरावा होऊ शकत नाही.

एनजीसी २२०७ आणि आयसी २१६३ यांच्या बाबतीत पुरावा तीन बाजूंनी मिळतो. पहिला वेगाचा. वर्णपटावरून पाहिले असता दोघीही सेकंदाला साधारण २,७०० ते २,८०० किलोमीटर या वेगाने आपल्यापासून दूर जात आहेत आणि विश्वाच्या प्रसरणाचा विचार करता सारखा वेग म्हणजे ढोबळमानाने सारखे अंतर. (हे अंतर नेमके किती, याचे अंदाज मात्र एकसारखे नाहीत. हबलच्या १९९९ च्या चित्रासोबत ११.४ कोटी प्रकाशवर्षे दिली होती, तर २०२४ च्या चित्रासोबत ८ कोटी दिली आहेत.) दुसरा पुरावा धुळीचा. एनजीसी २२०७ च्या भुजांमधील धूळ आयसी २१६३ च्या उजेडासमोर काळ्या पट्ट्यांसारखी उठून दिसते, त्यामुळे पुढे कोण आणि मागे कोण याचा निवाडा होतो. तरीही हे दोन्ही पुरावे पुरेसे नाहीत. धूळ फक्त क्रम सांगते, अंतर सांगत नाही, आणि दीर्घिकांच्या एकाच समूहातील, पण एकमेकींपासून बऱ्याच लांब असलेल्या दोन दीर्घिकांचे वेगही जुळू शकतात.

माझ्या मते निर्णायक पुरावा तिसरा, म्हणजे आकारांतील बिघाड. एखादी दीर्घिका दुसरीजवळून जाते तेव्हा तिच्या जवळच्या बाजूला ओढ जास्त लागते आणि लांबच्या बाजूला कमी. समुद्राला भरती येते तीही याच फरकामुळे. ओढीतील हा फरक दीर्घिकेला दोन्ही बाजूंनी ताणतो, आणि तबकडी स्वतःभोवती फिरत असल्याने ताणलेला भाग सरळ न राहता भुजेसारखा वळतो. एक भुजा बहुधा शेजारणीच्या दिशेने जाते, तिला सेतू म्हणतात. दुसरी उलट्या दिशेने अवकाशात फेकली जाते, ती शेपटी. आयसी २१६३ मध्ये मधला भाग डोळ्याच्या आकाराचा लांबट झाला आहे आणि तिच्यातून ताऱ्यांचे व वायूचे लोट सुमारे १ लाख प्रकाशवर्षे लांबवर पसरले आहेत. एनजीसी २२०७ ची तबकडी मात्र मुरडलेली आहे, कारण तिच्यावरचा ताण मुख्यतः तबकडीला काटकोनात लागला.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. गुरुत्वाकर्षणाची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, पण दोन बाजूंच्या ओढींतील फरक घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथ्या हिश्शावर येते, तर ताण आठव्या हिश्शावर. दहापट अंतरावर तो हजारावा हिस्सा उरतो. म्हणूनच इतका मोठा बिघाड दिसत असेल तर दोन दीर्घिका एकमेकींच्या अगदी जवळून गेल्या असल्याच पाहिजेत, आणि एनजीसी ३३१४ मध्ये असा बिघाड नसणे हेही तितकेच बोलके आहे.

प्रश्न : या दीर्घिका सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने जात असतील, तर जुन्या आणि नव्या छायाचित्रांत फरक का दिसत नाही? आणि फरकच दिसत नसेल, तर त्या ‘चार कोटी वर्षांपूर्वी’ सर्वांत जवळ आल्या होत्या हे कोणी कशाच्या आधारे सांगावे?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर हिशेबाने देता येते. दोन दीर्घिकांचा एकमेकींच्या संदर्भातील वेग सेकंदाला २०० किलोमीटर धरला, तर १०० वर्षांत त्या सुमारे ६३,००० कोटी किलोमीटर सरकतील. आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो एका प्रकाशवर्षाच्या पंधराव्या भागाइतका आहे. ज्यांचा विस्तारच १ लाख प्रकाशवर्षांच्या घरात आहे, त्यांच्या चित्रात एवढा बदल दिसणे शक्य नाही. दुर्बिणीचा शोध लागल्यापासूनची चार शतके एकत्र केली तरी पाव प्रकाशवर्षाचीच हालचाल होते.

दुसरा भाग अधिक रंजक आहे, कारण एकाच स्थिर चित्रावरून गतीचा इतिहास काढण्याची पद्धत उभी राहायला काही दशके लागली. १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी संगणकाशिवाय हा प्रयोग केला. प्रकाशाची तीव्रताही गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे लक्षात घेऊन त्यांनी प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ असे एकूण ७४ विजेचे दिवे मांडले. प्रत्येक दिव्याच्या जागी सर्व बाजूंनी येणारा प्रकाश त्यांनी प्रकाशविद्युत घटाने मोजला, ती त्या जागची गुरुत्वीय ओढ मानली, त्यानुसार सर्व दिवे थोडे थोडे सरकवले आणि पुन्हा मोजले. दोन ‘दीर्घिका’ एकमेकींजवळून गेल्यावर दिव्यांच्या मांडणीत भुजांसारखे फाटे उमटले. कल्पकतेच्या दृष्टीने खगोलशास्त्रात या प्रयोगाच्या तोडीचे फार थोडे काही असेल, असे मला वाटते.

तरीही शंका राहिल्या. १९६६ मध्ये हॉल्टन आर्प यांनी ३३८ विचित्र आकारांच्या दीर्घिकांचा व जोड्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात इतक्या बारीक आणि लांब शेपट्या दिसत होत्या की त्या केवळ गुरुत्वाकर्षणाने तयार होऊ शकतील यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. भरतीचा ताण पसरट फुगवटा निर्माण करील, धाग्यासारखी शेपटी कशी काढील, असा त्यांचा आक्षेप होता. अलार आणि युरी टूमरे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर याचे उत्तर दिले. त्यांची मांडणी विलक्षण साधी होती : प्रत्येक दीर्घिकेचे सर्व वस्तुमान केंद्रातील एका बिंदूत, आणि त्याभोवती वर्तुळात फिरणारे, स्वतःची ओढ नसलेले काही बिंदू. एवढ्यावरून त्यांनी हस्त तारकासमूहातील एनजीसी ४०३८ व ४०३९, अरुंधती केश तारकासमूहातील एनजीसी ४६७६ आणि प्रसिद्ध मेसिए ५१ यांच्यासारखे आकार तयार करून दाखवले.

त्या गणितातून हाती लागलेली एक गोष्ट विशेष महत्त्वाची ठरली. शेजारीण ज्या दिशेने जात आहे त्याच दिशेने तबकडीही फिरत असेल, तर कडेचे तारे काही काळ तिच्या सोबतीने चालतात, त्यांना एकाच बाजूची ओढ बराच वेळ मिळत राहते आणि त्यांची लांब, निमुळती शेपटी बाहेर पडते. फिरण्याची दिशा उलट असेल तर तीच ओढ झटपट बाजू बदलत जाते आणि तबकडी फारशी विस्कटत नाही. वरील जोडीतील आयसी २१६३ पहिल्या प्रकारात मोडते; तिची अवस्था एनजीसी २२०७ पेक्षा अधिक बिकट का, हे त्यावरून कळते.

आता ‘चार कोटी वर्षे’ या आकड्याकडे येऊ. डेब्रा आणि ब्रूस एल्मग्रीन व त्यांचे सहकारी यांनी या जोडीच्या संगणकीय प्रतिकृती तयार केल्या. दोघींची वस्तुमाने, तबकड्यांचा कल, फिरण्याच्या दिशा आणि भ्रमणमार्ग गृहीत धरायचे, गणित पुढे चालवायचे आणि निघालेले चित्र आजच्या दीर्घिकांशी ताडून पाहायचे, असे हे काम असते. केवळ आकार जुळवणे त्यात पुरेसे नसते. रेडिओ निरीक्षणांतून तबकडीतल्या जागोजागच्या वायूचा वेग कळतो आणि प्रतिकृतीने तोही जुळवावा लागतो, त्यामुळे मनाला येईल तसे आकडे घालण्यास वाव राहत नाही. सर्वांत चांगली जुळणी ज्या प्रतिकृतीत झाली, तिच्यात दोघी सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी सर्वांत जवळ होत्या. म्हणजे हा आकडा मोजलेला नाही, काढलेला आहे. त्यात सुधारणा होऊ शकते, पण तो हवेतून आलेला नाही. चिलीतील अल्मा दुर्बिणींच्या निरीक्षणांतून २०१६ मध्ये असे दिसून आले की आयसी २१६३ च्या ‘पापण्यां’च्या, म्हणजे तिच्या डोळ्यासारख्या भागाच्या वरच्या-खालच्या उजळ पट्ट्यांच्या, बाहेरच्या कडेला वायू सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने आत येत आहे आणि पापणीत शिरताच अडून साचत आहे. अशा निसटत्या भेटीनंतर वायूचे जे व्हायला हवे, तेच हे आहे.

प्रश्न : दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या तर त्यांतील तारे एकमेकांवर आदळतील का? ग्रहांचे काय होईल?

उत्तर : तारे जवळजवळ कधीच आदळणार नाहीत. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे आणि सर्वांत जवळचा शेजारी तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्या व्यासाच्या सुमारे ३ कोटी पट अंतरावर आहे. सूर्याला २ मिलिमीटरचा मोहरीचा दाणा मानले, तर दुसरा दाणा जवळपास ६० किलोमीटर दूर असेल. दीर्घिकांचे प्रमाण याच्या अगदी उलट असते. आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका यांच्यामधील अंतर आकाशगंगेच्या तबकडीच्या व्यासाच्या केवळ २५ पट आहे. म्हणूनच दीर्घिकांच्या गाठीभेटी होतात आणि ताऱ्यांच्या होत नाहीत.

ग्रहमालांनाही सहसा धक्का लागत नाही. वर सांगितलेला ताण वस्तूच्या आकारावर अवलंबून असतो : १ लाख प्रकाशवर्षे पसरलेल्या तबकडीच्या दोन टोकांच्या ओढींत मोठा फरक पडतो, पण काही प्रकाशतास रुंदीच्या ग्रहमालेत तो नगण्य असतो. तारा आपल्या ग्रहांसह शेपटीत फेकला जाऊ शकतो, त्याच्या रात्रीच्या आकाशाचे रूप पालटू शकते. ग्रह मात्र त्याच्याभोवती फिरत राहतील.

वायूची गोष्ट वेगळी. वायूचे मेघ ताऱ्यांसारखे ठिपके नसतात, ते शेकडो प्रकाशवर्षे पसरलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांवर खरोखरच आदळतात, दाबले जातात, थंड होऊन आकुंचन पावतात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. एनजीसी २२०७ आणि आयसी २१६३ यांच्यात मिळून दरवर्षी सूर्याएवढे सुमारे दोन डझन तारे तयार होतात. आपल्या आकाशगंगेत हे प्रमाण दोन-तीन ताऱ्यांचे आहे. नव्या ताऱ्यांपैकी जे फार जड असतात त्यांचे आयुष्य थोडे असते आणि त्यांचा शेवट स्फोटात होतो. या जोडीत गेल्या काही दशकांत सात अतिनवतारे (असे ताऱ्यांचे स्फोट) आढळले असून त्यांतील काही १९७५, १९९९, २००३ आणि २०१३ या वर्षांतले आहेत. आकाशगंगेसाठी सरासरी ५० वर्षांत एक असा अंदाज दिला जातो, तो शेजारी ठेवला की फरक लक्षात येतो.

या संदर्भात रंगांविषयीही विचारले गेले आहे. चित्रातील लाल रंग धुळीचा आहे, पण तो डोळ्यांना दिसणारा लाल नव्हे. जेम्स वेबने टिपलेले मध्यम अवरक्त प्रारण आपल्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही, म्हणून त्याला सोयीचा रंग दिलेला आहे. रक्ताळलेल्या डोळ्यांचा जो परिणाम त्यातून साधला गेला, तो थोडा नाटकी आहे असे मला वाटते. त्यातील माहिती मात्र खरी आहे.

प्रश्न : जवळून गेल्यानंतर या दीर्घिका आपापल्या मार्गाने निघून का जात नाहीत? शेवटी त्या एक होतील असे खात्रीने का म्हटले जाते?

उत्तर : त्या केवळ दोन बिंदू असत्या तर आल्या वाटेने निघूनही गेल्या असत्या, कारण जवळ येताना मिळवलेला वेग दूर जाताना तेवढाच खर्च झाला असता. टूमरे बंधूंच्या १९७२ च्या मांडणीत भोवतालच्या बिंदूंना वस्तुमानच नव्हते, त्यामुळे ती शेपट्या दाखवू शकली, पण विलीनीकरण दाखवू शकली नाही. त्यासाठी लागणारे तत्त्व सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये ताऱ्यांच्या संदर्भात मांडले होते. एखादी जड वस्तू असंख्य हलक्या वस्तूंमधून जाते तेव्हा तिच्या ओढीने त्या तिच्याकडे वळतात. पण त्या तिच्या जागी पोहोचेपर्यंत ती पुढे निघून गेलेली असते, म्हणून त्यांची गर्दी तिच्या पाठीमागे होते. ही गर्दी तिला मागे खेचते आणि तिचा वेग मंदावतो. कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीला न घासता घर्षणासारखा परिणाम घडतो, म्हणून त्याला गतिकीय घर्षण म्हणतात.

दीर्घिकांच्या दिसणाऱ्या भागापेक्षा पुष्कळ मोठे असे कृष्णद्रव्याचे (स्वतः न दिसणाऱ्या, केवळ ओढीतून जाणवणाऱ्या द्रव्याचे) वलय प्रत्येकीभोवती असते, आणि गतीची ऊर्जा मुख्यतः त्यातच जिरते. उजळ तबकड्या एकमेकींना भिडण्यापूर्वीच हे घर्षण सुरू झालेले असते. आयसी २१६३ पाशी निसटून जाण्याइतकी ऊर्जा नाही, असे प्रतिकृती सांगतात. ती काही काळ दूर जाईल, पुन्हा ओढली जाईल, आणि काही फेऱ्यांनंतर, आजपासून अब्जावधी वर्षांनी, दोघींची मिळून एक दीर्घिका उरेल. अलार टूमरे यांनी १९७७ मध्ये अशा ११ जोड्या, नुकत्याच भेटलेल्यांपासून जवळजवळ एकजीव झालेल्यांपर्यंत, क्रमाने लावून दाखवल्या आणि सर्पिल दीर्घिकांच्या विलीनीकरणातून लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होतात असा विचार मांडला. त्या काळी तो धाडसी होता. आज तो सर्वसाधारणपणे मान्य आहे, जरी भरपूर वायू शिल्लक असेल तर विलीनीकरणानंतरही नवी तबकडी तयार होऊ शकते, हे आता ठाऊक झाले आहे.

प्रश्न : आपली आकाशगंगाही देवयानी दीर्घिकेशी अशीच भिडणार आहे का?

उत्तर : ‘होणारच’ असे म्हणण्याचे दिवस तूर्त गेले आहेत. देवयानी आपल्याकडे येत आहे हे व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये वर्णपटावरून मोजले होते. सूर्याची स्वतःची गती वजा केल्यावर तिचा आकाशगंगेकडे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर भरतो. खरी अडचण तिच्या आडव्या गतीची आहे. ती फार कमी असली तर गाठ थेट पडेल, थोडी जास्त असली तर देवयानी बाजूने निघून जाईल, आणि २५ लाख प्रकाशवर्षांवरील वस्तूची आडवी गती मोजणे अतिशय अवघड आहे. २०१२ मध्ये हबलच्या मोजमापांवरून सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर होईल असे जाहीर झाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या मॅगेलन मेघाचा (आकाशगंगेजवळच्या एका लहान दीर्घिकेचा) आणि त्रिकोण तारकासमूहातील मेसिए ३३ या दीर्घिकेचा परिणाम आणि मोजमापांतील अनिश्चितता हे सारे हिशेबात घेतल्यावर, पुढील १,००० कोटी वर्षांत विलीनीकरण होण्याची शक्यता जवळपास निम्मी निघाली. दोन्ही वेळचे मथळे मूळ निष्कर्षांपेक्षा अधिक ठाम होते.

प्रश्न : लहान दुर्बिणीतून अशी एखादी जोडी पाहता येईल का?

उत्तर : एनजीसी २२०७ साठी मोठी दुर्बीण लागेल, पण मेसिए ५१ लहान दुर्बिणीतूनही पाहता येते. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची आहे. त्याच्यापासून साधारण साडेतीन अंशांवर, शामशबल तारकासमूहाच्या हद्दीत ही जोडी आहे. शार्ल मेसिए यांनी १७७३ मध्ये तिच्यातील मोठी दीर्घिका पाहिली, तिची सोबतीण एनजीसी ५१९५ ही पिएर मेशँ यांनी १७८१ मध्ये टिपली, आणि आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंच व्यासाच्या दुर्बिणीतून १८४५ मध्ये प्रथमच तिच्या सर्पिल भुजा पाहून रेखाटल्या. सोबतीण एका भुजेच्या टोकाशी जोडलेली दिसत असली तरी प्रत्यक्षात ती थोडी मागे आहे.

चार इंची दुर्बिणीतून, शहराच्या उजेडापासून दूर, दोन अंधूक ठिपके शेजारी शेजारी दिसतील. भुजांची चाहूल लागण्यासाठी साधारण आठ इंची किंवा त्याहून मोठी दुर्बीण आणि खरोखरच काळेभोर आकाश हवे. डोळे अंधाराला सरावण्यासाठी किमान अर्धा तास द्यावा, चंद्र नसलेली रात्र निवडावी आणि दीर्घिकेकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवावी, कारण डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद प्रकाश अधिक चांगला टिपतो.